अव्वाची वडी

सोलापुरात गड्ड्याची यात्रा उठली की न विकलेल्या विभूतीच्या वड्या पाट्यांत भरून बाळीवेशीतल्या घरी परत यायच्या, आणि मग पुढचे काही दिवस त्या घराला ओल्या राखेचा वास यायचा. महानंदाला हा वास सासरी मंगळवेढ्यातही अधूनमधून उगाचच यायचा. ज्वारीच्या दुकानात गल्ल्यावर बसलेली असताना मध्येच यायचा आणि गिऱ्हाइकाकडे बघता बघता ती माहेरी पोचायची. यंदा मात्र ती खरोखरच आली होती. रविवारी वैष्णवीचं डोहाळजेवण होतं. धाकट्या भावाच्या, राजशेखरच्या, एकुलत्या एका लेकीच्या डोहाळजेवणाला आत्या नाही, असं झालं असतं तर भावजयीने, चंद्रिकाने, ते तिला पुढची कित्येक वर्षं ऐकवलं असतं.

पिढ्यान्‌पिढ्या विभूती करणाऱ्या शिवभक्तांच्या घरात पोरीचं नाव वैष्णवी कसं, असं बारशाच्या दिवशीच महानंदाच्या थोरल्या भावाने, सिद्रामप्पाने, विचारलं होतं. चंद्रिकाने 'मला आवडलं' एवढंच सांगितलं आणि पाळणा हलवत राहिली. सिद्रामप्पाला ते उत्तर अजून पचलं नव्हतं. घरातला थोरला, लग्न न केलेला, सगळ्यांना धाकात ठेवणारा आणि कुणालाच दुखवू न शकणारा हा माणूस पुतणीला नुसतं 'अव्वी' म्हणायचा. त्यात त्याच्या आईची, दानम्मा अव्वाची, आठवण होती हे सगळ्यांना माहीत होतं.

शनिवारी सकाळी हातपाय धुऊन महानंदा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीकडे निघाली. माहेरी आली की आधी तिकडेच जायची तिची सवय. लहानपणी वड्या उलटायचं काम तिचं असे. गोवऱ्यांची राख अव्वाच्या जुन्या इरकलीतून गाळायची, पाण्यात कालवायची, निवळली की वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खाली बसलेल्या गाळाच्या वड्या थापायच्या. त्या सावलीतच वाळवायच्या, उन्हात ठेवल्या की तडकतात. सिद्रामप्पा अजून अशीच विभूती करायचा. बाजारात मिळते ती विभूती नव्हे, चुना आहे, असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, आणि गिऱ्हाईक हसून शेजारच्या दुकानातून तो चुनाच घेऊन जायचं.

दाराशी पोचता पोचता तिला आवाज आला. कुरुम. मग थोडा वेळ काही नाही, मग परत कुरुम. महानंदाचे पाय जागच्या जागी थांबले. हा आवाज तिच्या कानांनी याच्या आधी ऐकलेला होता, फार फार पूर्वी, माजघरातल्या ज्वारीच्या कणगीमागून.

वैष्णवी उपड्या पाटीवर बसली होती. हातात वडी, वडीचा कोपरा कुरतडलेला, हनुवटीवर पांढरी भुकटी. बँकेत टाय-सूट घातलेल्या लोकांची कर्जं तपासणारी ही पोरगी आत्याला बघून लहान मुलीसारखी दचकली आणि तिने वडी गाऊनच्या खिशात टाकली. मग दोड्डप्पाला, थोरल्या काकाला, माहिती आहे, असं सगळ्यात आधी सांगून मोकळी झाली.

महानंदा तिच्या शेजारी बसली. रागावली नाही. कधीपासून, एवढंच तिने विचारलं. चौथ्या महिन्यापासून, वैष्णवी म्हणाली. जेवण नको वाटतं, पण या वडीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं. पुण्याहून परत येताना एकदा वडी नव्हती तर हॉटेलच्या बाहेरच्या कुंडीतली माती खावीशी वाटली. सांगताना ती हसली, पण ते हसू तिच्या डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

"डॉक्टरला सांगितलीस?"

"काय सांगू आत्या? इबत्ती खाते म्हणून? येड्यात काढतील की."

डॉक्टरने तपासण्या केल्या होत्या. रक्त फार कमी आहे म्हणाली, लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या की मळमळतं म्हणून वैष्णवीने त्या पर्समध्येच ठेवल्या होत्या. आणि दोड्डप्पा म्हणाला होता, अव्वाच्या वडीपुढं गोळ्यांचं काय काम. आठवड्याला एक पुडी तो तिच्या सासरी स्वतः नेऊन द्यायचा.

बोलता बोलता महानंदाने तिचा हात हातात घेतला होता. आता तिने तो उजेडात धरला. अंगठ्याचं नख पांढुरकं होतं आणि मधोमध खोलगट, इवल्याशा चमच्यासारखं. महानंदाला एकाएकी सगळी दुपार आठवली, ती जुनी दुपार, पंचावन्न वर्षांपूर्वीची. अव्वा भिंतीला टेकून बसलेली, आणि आपण तांब्यात बोट बुडवून तिच्या नखावर पाण्याचा थेंब सोडतोय. थेंब ओघळायचा नाही, वाटीत बसल्यासारखा बसून राहायचा. दुसऱ्या कुणाच्याही नखावर थेंब राहायचा नाही, म्हणून अव्वाची नखं देवाची आहेत असं आपल्याला वाटायचं. अण्णाही, म्हणजे सिद्रामप्पाही, हा खेळ खेळायचा. अव्वा दमल्या आवाजात हसायची आणि हात काढून घ्यायची नाही. किती गोड वाटायचं तेव्हा ते.

महानंदाला नखाचा अर्थ कळून दोन वर्षं झाली होती, आणि तो तिला फार हास्यास्पद रीतीने कळला होता. तिच्या घरात नातवाच्या पाटीवरच्या पेन्सिली नाहीशा व्हायला लागल्या होत्या. सून नातवाला रागवायची, नातू रडायचा, आणि आजी कोठीत उभी राहून पेन्सिली खायची. साठीच्या बाईने नातवाच्या पेन्सिली चोरायच्या म्हणजे काय, असं तिला स्वतःचंच वाटायचं, पण सुटायचं नाही. मूळव्याधीचं रक्त जायचं, दम लागायचा, म्हणून शेवटी सोलापूरला दवाखान्यात गेली. तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईने सगळं ऐकून घेतलं, अंगातलं लोह कमी झालं की नखं अशी चमच्यासारखी खोलगट होतात म्हणून तिची नखं निरखली आणि सहज विचारलं, की आजी, माती, खडू, बर्फ, असलं काही खावंसं वाटतं का? महानंदाला ओरडून रडावंसं वाटलं. हा प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. अंगातलं लोह कमी झालं की पुष्कळांना असं होतं, बाई म्हणाली, प्रत्येकालाच होतं असं नाही आणि का होतं तेही नीट सांगता येत नाही, पण लोह भरून आलं की बहुतेक वेळा जातं. गेलंच. थोड्याच दिवसांत पेन्सिलीकडे बघवेना.

घरी परतताना एसटीत तिच्या मनात आलं ते अव्वाचं. आणि ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायचं म्हणजे अण्णाच्या हातातला देव काढून घ्यायचा.

तो देव कसला, ते दुपारच्या पंगतीत परत एकदा ऐकायला मिळालं. पुरणाच्या होळग्या, आमटी, शेंगाची चटणी, सगळं पानात पडलं आणि सिद्रामप्पाने ठेवणीतली गोष्ट काढली. घरातल्या प्रत्येकाला ती पाठ होती, तरी त्याच्या तोंडून ऐकताना सगळे घास थांबवायचे. राजशेखर पोटात होता तेव्हा अव्वाला अन्न जाईना, फक्त विभूती जायची. वडील बघायच्या आत चौदा वर्षांचा सिद्रामप्पा रोज एक वडी तिला कणगीमागे नेऊन द्यायचा. बाळंतपणात अव्वा गेली तेव्हा तिच्या पदराच्या गाठीत अर्धी वडी निघाली. मठाचे स्वामी म्हणाले, ही बाई साधी नव्हे, हिने देह आधीच विभूतीचा करून घेतला होता. सिद्धरामेश्वराने बोलावलं आणि ती लिंगैक्य झाली.

"आता अव्वी खायली म्हणल्यावर मी वळखलं," सिद्रामप्पा म्हणाला. "अव्वा परत यायली घरात. उद्या ओटीत पाच वड्या घालणार हाय मी. चारचौघांत तिच्या तोंडात तुकडा देणार."

राजशेखरने मान डोलावली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ही गोष्ट ऐकताना ते नेहमीच यायचं. चंद्रिकाने मात्र वाढता वाढता मध्येच विचारलं, की डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात त्याचं काय. माझ्या आईनं काही पाप केलं नव्हतं वडी खाऊन, राजशेखर म्हणाला, आणि चंद्रिका भांडी जरा जास्तच आपटत आत गेली. मागोमाग महानंदाही गेली. स्वयंपाकघरात दोघी नणंदा-भावजया, ज्यांचं लग्नाच्या साड्यांवरून बिनसलेलं अजून पुरतं निवळलं नव्हतं, पहिल्यांदाच एका बाजूला उभ्या राहिल्या. महानंदाने पेन्सिलींचं सांगितलं. चंद्रिका हसली नाही. "तुमीच सांगा वन्सं," ती म्हणाली. "माझं ऐकायचे न्हाईत ते. सुनेनं सासूचं देवपण काढलं म्हणतील."

रविवारी सकाळी महानंदा परत गच्चीवर गेली. सिद्रामप्पा चांदीच्या तबकात वड्या मांडत होता, एकेक फुंकर मारून. दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून तो फार देखणा दिसत होता. आपण नेमकं आजच का बोलतोय, असं तिला वाटलं. पण उद्या बोलून उपयोग नव्हता.

"अण्णा, ह्या ओटीत घालू नको."

त्याने कारण विचारलं. तिने पेन्सिलींपासून सुरुवात केली. आधी तो मोठ्याने हसला, ह्या वयात पेन्सिली खाल्ल्यास म्हणून. मग ती डॉक्टरीण बाईचं सांगायला लागली तसं त्याचं हसू मिटलं.

"सरळ बोल," तो म्हणाला.

"अव्वाच्या अंगात रक्त नव्हतं अण्णा. म्हणून तिला वडी लागायची. वैष्णवीचं बी तेच हाय. असंच ऱ्हायलं तर बाळंतपण जड जाईल पोरीला."

सिद्रामप्पाने हातातली वडी तबकात ठेवली, मग उचलली, मग परत ठेवली. "म्हंजे मी तिला देव म्हणून जे नेऊन देत हुतो," तो हळू म्हणाला, "ते काय हुतं? मीच मारली म्हण की तिला."

"वडीनं न्हाय मेली ती. ती का मागती, हे कुणी इचारलं न्हाय. तू पोर हुतास. इचारायचं ते मोठ्यांनी."

"तुझी डॉक्टरीण बघाया आलती काय अव्वाला? पन्नास वर्सांमागं?" त्याचा आवाज चढला. "सोताच्या पेन्सिलीवरनं आईला मोजायलीस."

तेवढ्यात दारात झेंडूचे हार घेऊन राजशेखर उभा असलेला दोघांनाही दिसला. किती वेळ उभा होता कोण जाणे. हार हातातच होते. महानंदाला धरणी दुभंगावी असं झालं, कारण या गोष्टीत सगळ्यात नाजूक जागी तोच होता. अव्वा गेली आणि त्याच घटकेला तो आला.

"अण्णा," राजशेखर म्हणाला, "तू तर मला सांगितलंवतास, देवानं बोलावलं म्हणून."

"मग काय सांगायचं हुतं?" सिद्रामप्पा त्याच्याकडे न बघता बोलला. "पयलीत हुतास. शाळेतनं रडत आलास. पोरं म्हणली, आईला खाऊन जन्मला. मी तरी किती मोठा हुतो तवा? स्वामी बोलले तेच तुला सांगितलो. सांगता सांगता मला बी तेच खरं वाटाया लागलं."

खाली मांडववाल्याने कॅसेट लावली. पन्नास वर्षं गोष्ट सांगून या माणसाने भावाला वाढवलं होतं, भाकरी थापून वाढवलं होतं तसंच. महानंदाला त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि तरीही तिला त्याच्या हातातून ते तबक काढून घ्यायचं होतं. तिने हात पुढे केला. सिद्रामप्पाने तबक छातीशी धरलं आणि दोघांच्या मधून वाट काढत तो जिना उतरून गेला.

राजशेखर पाटीवर बसला. बराच वेळ झेंडूच्या पाकळ्या खुडत राहिला. शेवटी त्याने बहिणीला एवढंच विचारलं, की वैष्णवीला बरं वाटेल ना. वेळेवर उपचार केले तर वाटेल, ती म्हणाली. "मग बास," तो म्हणाला. "माझं काय, माझी पन्नाशी उलटली." आणि हार घेऊन बायकोच्या मदतीला खाली गेला.

वैष्णवी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती. गल्लीतल्या बायका, सासरची माणसं, चंद्रिकाच्या माहेरच्या अक्कलकोटच्या पाहुण्या, सगळ्यांनी खोली भरली होती. पाहुण्या तिच्या रंगाचं कौतुक करत होत्या, पोरगी कशी उजळलीय म्हणून. महानंदाला आता तो उजळपणा बघवत नव्हता. पाच जणींनी ओटी भरली, आणि मग सिद्रामप्पा तबक घेऊन पुढे आला. राजशेखर त्याच्या वाटेत येऊन उभा राहतो की काय असं वाटलं, पण तो वैष्णवीच्या मागे जाऊन उभा राहिला, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून.

आता गोष्ट सांगणार म्हणून बायका गप्प झाल्या. सिद्रामप्पाने खाकरलं. आधी कपाळाला लावायची म्हणून त्याने वडी घेतली, तांब्यात बोटं बुडवली. वडीवर न्यायच्या आधीच पाणी सांडलं, वैष्णवीने ओटी सावरण्यासाठी पुढे केलेल्या हातावर. हातावरचं पाणी ओघळून गेलं. अंगठ्याच्या नखावर एक थेंब मात्र राहिला.

सिद्रामप्पा वाकला. वैष्णवीने हात हलवला, तरी थेंब जागचा हलला नाही. तो त्या थेंबाकडे बघत राहिला. मग त्याने मान वर करून महानंदाकडे पाहिलं, आणि तिला कळलं की तोही आत्ता त्या भिंतीपाशीच आहे, अव्वाच्या मांडीजवळ, हातात तांब्या घेऊन. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता. तो एकदम म्हातारा दिसायला लागला.

त्याने वडी भिजवली, वैष्णवीच्या कपाळावर तीन बोटं ओढली आणि तबक महानंदाच्या हातात दिलं.

"अव्वी, ही लावायची. खायची न्हाय," तो म्हणाला. "उद्या मी येतो तुझ्यासंगट डॉक्टरकडं."

वैष्णवीची मान खाली गेली. सगळ्यांसमोर चोरी उघडी पडल्यासारखं तिला झालं असावं. "मला सुटत न्हाय दोड्डप्पा," ती पुटपुटली.

"सुटंल की. तुझ्या आत्याच्या पेन्सिली न्हाय का सुटल्या."

आत्याच्या कसल्या पेन्सिली, असं सासरच्या पाहुणीने विचारलं, आणि मग महानंदाला त्या भरल्या खोलीत सगळी हकिकत सांगावी लागली. बायका हसून लोटपोट झाल्या. आणि हसणं ओसरल्यावर कोपऱ्यातली एक अक्कलकोटची म्हातारी म्हणाली, की ती चुलीची माती खायची, सासू मारायची. दुसरी म्हणाली, माझी बहीण कच्चे तांदूळ. एकीने तर अजून खातेय म्हणून सांगितलं आणि पदर तोंडाला लावला. चंद्रिकाने तिथल्या तिथे तिला दवाखान्याचा पत्ता दिला.

सोमवारी दवाखान्यात वैष्णवी, महानंदा आणि दोघे भाऊ असे चौघे गेले. वैष्णवीला पडद्याआड कॉटवर निजवलं होतं, लोहाचं सलाईन लागणार होतं. गोळ्यांनी आता लवकर भरून यायचं नाही, डॉक्टर म्हणाली, राखेनं पोटातलं लोह अंगी लागायलाही अडथळा येत असेल, पण वेळ गेलेली नाही. सिद्रामप्पा खुर्चीच्या कडेला ताठ बसला होता, टोपी मांडीवर. डॉक्टर त्याला काही विचारेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण घरात आधी कुणाला असं होतं का, हा प्रश्न आला तेव्हा त्याने स्वतःच हात वर केला, वर्गात करतात तसा.

"माझ्या आईला," तो म्हणाला.

"त्या आहेत?"

"न्हाईत."

"कशानं गेल्या?"

या प्रश्नाचं उत्तर महानंदाला पाठ होतं. राजशेखरलाही पाठ होतं. स्वामी, पदराची गाठ, अर्धी वडी, सिद्धरामेश्वराचं बोलावणं. लहानपणी दोघं पांघरुणात पडून ते ऐकत ऐकत झोपत, आणि आई नसलेल्या त्या घरात त्या गोष्टीइतकं उबदार दुसरं काही नव्हतं. महानंदाने डोळे मिटून घेतले.

सिद्रामप्पाने धाकट्या भावाकडे पाहिलं. राजशेखरने हळूच मान हलवली.

"बाळंतपणात गेली," सिद्रामप्पा म्हणाला. "अंगात रक्त नव्हतं तिच्या. रोज म्हणायची, सिद्दू, आणखी एक आण. मागत हुती ती, डॉक्टर. आमाला वाटलं पूजा चाललीय."

डॉक्टरने ते लिहून घेतलं. राजशेखरने आपली खुर्ची उचलली आणि अण्णाच्या खुर्चीला लावून ठेवली.